डागाची जन्मतारीख

विम्याचे सर्व्हेअर आले तेव्हा घरातली पाचही माणसं माना वर करून उभी होती. डाग दाखवायची प्रत्येकाला घाई. त्यांनी एकदा वर पाहिलं, ‘हं’ म्हणाले आणि विचारलं, “कूलर कोणत्या खिडकीला लावता?”

नागपुरात हा प्रश्न वेडगळ नाही. मार्च सरत आला की इथल्या घरांना कूलर लागतात आणि पाऊस नीट सुरू होईपर्यंत त्या खिडकीभोवतीची भिंत ओली ती ओलीच राहते. ती ओल हळूहळू वर सरकते, कोपऱ्यात पोपडे धरते. त्यामुळे मे महिन्यात वादळानं छताला डाग पडला असं कुणी सांगितलं, की जाणता माणूस आधी कूलर बघतो. मग गच्चीवरची टाकी ओसंडते का ते बघतो. मग संडास-बाथरूमचे पाईप. वादळाचा नंबर त्याच्या यादीत चौथा. आम्ही मात्र पहिल्या नंबरला वादळ लिहून, खाली रेघ मारून बसलो होतो.

नवतपा लागायला दोन-तीन दिवस होते. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ मातकट पिवळं झालं आणि वावधान सुटलं. बाकी महाराष्ट्रात याला वादळी वारा म्हणत असतील. आमच्याकडचा हा शब्द ऐकला, की वाळत घातलेले कपडे, कुरडया आणि पोरं या क्रमानं आत आणायची असतात. कुरडया आल्या. तेवढ्यात गच्चीवर काहीतरी असं आदळलं की कपाटावरचे डबे खणखणले. वीज गेली. मग तासभर पाऊस, आडवा, नळीनं मारल्यासारखा.

वर जाऊन पाहिलं तर कुणाच्या तरी शेडचं निळं टिन आमच्या गच्चीवर येऊन पडलं होतं. कठड्याला आपटून ते कोब्यात कोपऱ्यानं घुसलं होतं. कोबा तिथं वीतभर फुटला होता. शेजारच्या कडुलिंबानं आपली निम्मी पानं आमच्याकडे पाठवली होती, ती पाईपच्या जाळीवर घट्ट बसलेली, आणि गच्चीत घोट्याएवढं पाणी. जाळी मोकळी केली, पाणी धाडधाड खाली गेलं. सुटलो, असं वाटलं. रात्री दहाला बैठकीत पंख्याच्या हुकातून पहिला थेंब पडला.

फुटलेला कोबा स्वयंपाकघराच्या डोक्यावर होता आणि थेंब पडत होता बैठकीत, बारा-तेरा फूट लांब. दुसऱ्या दिवशी आलेल्या मिस्त्रीला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. “पानी जिथून घुसून राह्यलं तिथं दिसनार नाही भाऊ. ते वायरच्या नळीतून फिरून राह्यलं.” स्लॅब ओतताना दिव्या-पंख्यांच्या वायरींसाठी तिच्या पोटात नळ्या टाकून ठेवतात. पाण्याला स्लॅबमधल्या बारीक फटीतून अशी एखादी नळी सापडली, की तो त्याचा राजमार्ग. नळी जिथं उघडी पडते तिथं, म्हणजे पंख्याच्या किंवा दिव्याच्या डब्यात, ते बाहेर येतं. म्हणूनच हुकातून पाणी दिसल्याबरोबर त्या खोलीचा एमसीबी पाडायचा, बाकी सगळं नंतर. आमच्याकडे पीओपी होतं. ते दोन तासांत पोट आल्यासारखं फुगलं. मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं की फुगा दिसताच खाली बादली धरून स्क्रू-ड्रायव्हरनं बारीक भोक पाडलं असतं तर पाणी निघून गेलं असतं. आम्ही ते केलं नाही, आणि पहाटे चार फुटांचा तुकडा सोफ्यावर आला.

विमा होता. हे आठवायलाच आम्हाला दीड दिवस लागला. गृहकर्ज घेताना बँकेनं जे कागद सह्यांसाठी पुढे सरकवले होते त्यांत घराची एक पॉलिसी होती. तिचा हप्ता कर्जातच मिसळलेला. माझा अंदाज आहे, कर्ज काढून घर घेतलेल्या बऱ्याच घरांत अशी एखादी पॉलिसी फायलीत झोपलेली असते आणि घरधन्याला तिचा पत्ता नसतो. फाईल काढून बघावी. तिची मुदत किती वर्षांची आहे आणि ती फक्त इमारतीची आहे की आतल्या सामानाचीही, एवढ्या दोन गोष्टी पाहिल्या तरी पुष्कळ.

भारतात घराच्या विम्याचा गोंधळ एकेकाळी फार होता. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, आणि मूळ नाव आगीच्या विम्याचं, त्यामुळे पावसाचं काय हे सामान्य माणसाला कळेचना. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक इर्डानं सगळ्या साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मजकुराची पॉलिसी विकायला लावली. तीत वादळ, चक्रीवादळ, पूर, पाणी साचणं हे धोके मुळातच आहेत, वेगळे पैसे देऊन घ्यायचे नाहीत. पाण्याच्या टाक्या नि पाईप फुटणं किंवा ओसंडणं हेही आहे. इमारतीचा विमा घेतला की आतल्या सामानाला आपोआप इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढं संरक्षण मिळतं. आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे कमी रकमेच्या विम्याची कात्री गेली. पूर्वी घर पुन्हा बांधायला ४० लाख लागत असताना विमा २० लाखांचाच असेल, तर लाखाच्या नुकसानीला कंपनी पन्नास हजार देऊन मोकळी व्हायची. ती वजाबाकी या पॉलिसीत नाही. विम्याची रक्कम ठरते ती घराचं चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर अशी. जागेची किंमत तिच्यात धरायची नसते. धरमपेठेत प्लॉटला काय भाव आहे याच्याशी छताच्या विम्याचा संबंध नाही, हे आमच्या एका नातेवाइकांना पटवताना माझा चहा गार झाला.

पण धोक्यांची ती यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा. तीत वादळ आहे, पूर आहे, पाणी साचणं आहे. नुसता ‘पाऊस’ नाही. वर्षानुवर्षं झिरपत आलेली ओल नाही. जुन्या झालेल्या वॉटरप्रूफिंगचं म्हातारपण विमा भरून देत नाही. म्हणजे दाव्यात पाणी किती आलं, सोफा किती भिजला, याला दुसरं स्थान. पहिला प्रश्न असतो की ते कसं आलं आणि कधी आलं. छतावरच्या डागाची अडचण अशी की तो यातलं काहीच सांगत नाही. पुराचं पाणी भिंतीवर सरळ रेघ ओढून जातं. ती रेघ बघून कुणीही सांगेल की पाणी इथवर होतं. छताचा डाग मात्र तपकिरी ढगासारखा नुसता पसरलेला असतो. तो काल पडला की चार पावसाळ्यांपूर्वी, हे ठरवण्यावरच सगळा दावा उभा.

नागपूरकरांना ही रेघ चांगली माहीत आहे. २३ सप्टेंबर २०२३. शुक्रवारी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, घराघरांत आंबील-पुरणाची भांडी अजून मोरीत, आणि मध्यरात्रीनंतर आभाळ फाटलं. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी आपलं पात्र सोडून वस्तीत शिरली. अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, वर्मा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी इथली माणसं झोपेतून उठली ती पाण्यातच. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या, सीताबर्डीची तळघरातली दुकानं भरली. लष्कराला बोलवावं लागलं. माणसांचे जीव गेले. हजारो घरांत चिखल होता.

त्या आठवड्यात हे शहर दोन वेगवेगळे कागद ओळखायला शिकलं. एक सरकारी पंचनामा. महसूल नि महापालिकेची माणसं दारोदार फिरून लिहून घेत होती: घर क्रमांक, पाणी किती वर, काय गेलं. त्यावर सरकारनं बाधित कुटुंबाला १० हजार रुपयांची तातडीची मदत जाहीर केली, दुकानदारांना ५० हजारांपर्यंत. पंचनाम्याला नुकसान झालंय एवढं पुरतं. दुसरा कागद विमा सर्व्हेअरचा. त्याला पूर आला हे मान्यच होतं. तो विचारत होता की फ्रिज कोणत्या साली घेतला, पावती आहे का, सोफा दुरुस्त होण्यासारखा आहे का. ज्यांच्याकडे विमा होता त्यांतल्या अनेकांची समजूत अशी की पंचनामा झाला म्हणजे झालं. घर धुऊन, गाद्या-कपाटं उकिरड्यावर टाकून मगच त्यांनी कंपनीला फोन केला. चिखलात राहायचं कसं, हा त्यांचा प्रश्नही खराच होता. पण पंचनाम्याची एक प्रत जपून ठेवली असेल तर ती दाव्यात कामाची असते: त्या दिवशी, त्या पत्त्यावर पाणी होतं असं तिऱ्हाईत सरकारी माणूस सांगतो. वस्तूंची किंमत मात्र ती सांगत नाही.

आमच्या घरापर्यंत ते पाणी आलं नव्हतं. त्याबद्दल तेव्हा देवाचे आभार मानले होते. ती रात्र पुढे आमच्या विम्याच्या दाव्यात साक्षीला येईल असं काही वाटलं नव्हतं.

सर्व्हेअर खुर्चीवर चढले. बॅटरी त्यांनी डागावर सरळ न मारता छताला जवळजवळ टेकवून आडवी धरली. आडव्या उजेडात छताचे सगळे उंचवटे दिसतात. कुठे पुट्टी सुटलीय, कुठे जुनं डागडुजीचं काम आहे ते लपत नाही. मग नखानं रंग खरवडला. पांढरी भुकटी येते का पाहिलं. वारंवार ओल येऊन सुकत असेल तर सिमेंटातले क्षार बाहेर येऊन अशी भुकटी धरते. लोखंडाचा गंज उतरून लाल ओघळ आलाय का, सळईखालचं काँक्रीट फुगलंय का, हेही पाहिलं. गंजायला वर्षं लागतात, एका संध्याकाळच्या वादळानं सळई गंजत नाही. आणि डागाच्या कडा मोजल्या. एकदाच पाणी आलं असेल तर कडेला एकच गडद किनार असते. दरवर्षी येत असेल तर किनारीत किनार, झाडाच्या बुंध्यासारखी.

आमच्या डागाला पाच किनारी होत्या.

माझं तोंड उतरलं असावं. आई मात्र शांत. तिनं सर्व्हेअरना खुर्चीवरून आणखी जवळ जायला सांगितलं. प्रत्येक किनारीलगत पेन्सिलची बारीक रेघ होती आणि रेघेवर तिच्या अक्षरात तारीख नि वेळ. पहिल्या रात्री साडेदहाला तिनं माझ्या भाच्याला स्टुलावर चढवून डागाभोवती रेघ मारायला लावली होती. पसरतोय का ते कळावं म्हणून, विम्यासाठी नव्हे. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी चार दिवस उतरत राहिलं आणि डाग रोज बोटभर वाढत गेला. रोज सकाळी एक रेघ. ती शाळेत भूगोल शिकवायची, समोच्च रेषा काढणं हातात बसलेलं. सर्व्हेअरनी खिशातून फोन काढला, आधी पूर्ण खोलीचा फोटो घेतला, मग छताचा, मग डागाचा, मग प्रत्येक तारखेचा जवळून. लांबून जवळ, हा क्रमही त्यांच्याकडूनच शिकलो. आमच्याकडचे फोटो सगळे जवळचे होते. नुसता तपकिरी रंग. तो कोणत्या घराचा, कोणत्या खोलीचा, आमच्या की शेजाऱ्याच्या, काही कळायला मार्ग नाही.

फोटोंच्या बाबतीत आमचा दुसरा घोटाळा व्हॉट्सअ‍ॅपचा. मी काढलेले फोटो मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले, जागा हवी म्हणून फोनमधले पुसले, आणि कंपनीला ग्रुपवरून उतरवलेले पाठवले. फोन फोटो काढतो तेव्हा त्या फाईलच्या पोटात तारीख, वेळ, कधी कधी ठिकाणही लिहून ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की ती मूळ नोंद गळून जाते. उरतो तो बिनतारखेचा डाग, बिनतारखेच्या फोटोत. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलनं पाठवला तर नोंद शाबूत राहते.

तिसरा घोटाळा मोठा, आणि तो पूर्णपणे माझा. टिन. वादळानंतर दुसऱ्याच दिवशी गल्लीत भंगारवाला आला. ते टिन वाकलेलं, कुणी मागायला आलं नव्हतं, मी देऊन टाकलं. दाव्यातला मुख्य साक्षीदार मी वजनावर विकला. सर्व्हेअर गच्चीवर गेले तेव्हा त्यांना दिसला फुटलेला कोबा, आणि नागपुरातला कोबा फुटायला टिनाची गरज नसते हे त्यांना माहीत होतं. मे २०१३ मध्ये इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ते हवेचं तापमान. उघड्या गच्चीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापतो. तीस अंशांच्या फरकानं दहा मीटरची स्लॅब तीन मिलिमीटर लांब-आखूड होते. दिवसभर तापलेल्या गच्चीवर वळवाचा गार पाऊस पडतो तेव्हा ती अंगावर शहारा यावा तशी आवळते. वरचा थर तडकतो. असे तडे वर्षानुवर्षांचे असतात आणि त्यांचे पैसे विमा देत नाही.

“हे उन्हानं गेलं नाही कशावरून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उकिडवे बसले, फुटलेल्या कडेवरची माती फुंकरीनं उडवली आणि बोट ठेवलं. कोब्याच्या तुटक्या ओठावर निळ्या रंगाचा ओरखडा होता, नखाएवढा. कठड्यावर त्याच सरळ रेषेत आणखी एक. तुटलेला भाग आतून स्वच्छ, करडा. जुन्या भेगेत शेवाळ नि काळी माती बसलेली असते. भेग आणि फूट यांतला फरक त्यांनी मला तिथं बसून दाखवला. मी पावणेदोन हजार चौरस फुटांच्या गच्चीचा मालक, आणि मला तो आयुष्यात पहिल्यांदा दिसला.

राहिला प्रश्न छत त्याआधी कोरडं होतं का, हा. आपण घराचे फोटो कधी काढत नाही. माणसांचे काढतो, घर मागे येतं. बायकोनं रात्री बसून फोनमधले सगळे सणवार उपसले. वाढदिवसाला केक जवळून, पाडव्याला गुढी बाहेरून. मग महालक्ष्म्या सापडल्या. आमच्या बैठकीत मखर मांडतात आणि त्याच्या माळा पंख्याच्या हुकाला बांधतात, दरवर्षी, पंखा तीन दिवस बंद ठेवून. २३ सप्टेंबर २०२३ ची दुपार, महालक्ष्म्या उठवायच्या आधीचा फोटो. शहरात निम्मं जग पाण्यात होतं आणि पाहुणे येणार नाहीत म्हणून आईनं भाचीला सगळ्या मखराचा फोटो काढून मामांना पाठवायला सांगितलं होतं. वर हूक, हुकातून सुटणाऱ्या माळा, आणि त्याभोवती पांढरंस्वच्छ छत. आदल्या रात्री १०० मिलिमीटर झेलून कोरडं. त्यापुढच्या वर्षीचाही तसाच फोटो निघाला.

सर्व्हेअरनी तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “मुखवटे सुंदर आहेत.” दाव्याबद्दल चकार शब्द नाही. पण फोटो मागून घेतला, मूळ फाईल.

वादळ झालं हे सिद्ध करायला लागतं, हे आम्हाला विचित्र वाटलं होतं. अख्ख्या गल्लीची वीज गेली होती की! पण कंपनी बसते दुसऱ्या शहरात आणि तिच्या टेबलावर येतो तो आकडा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राची नोंद सोनेगावला होते. वळवाचा पाऊस ढगाढगानं पडतो. सोनेगावला शिंतोडे आणि तुमच्या वस्तीत झाडं आडवी, असं सहज होतं. हवामान खातं वारा-पावसाच्या अधिकृत नोंदी शुल्क घेऊन देतं, विमा दाव्यांसाठीही. त्यांच्याबरोबर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राच्या शहर पानाचं कात्रण जोडावं, आपल्या भागातल्या पडलेल्या झाडाची बातमी असली तर उत्तमच. आम्ही महावितरणच्या अ‍ॅपवर रात्री केलेल्या वीज गेल्याच्या तक्रारीचा क्रमांकही जोडला. त्यावर वेळ होती. शेजारच्यांच्या दाराच्या कॅमेऱ्यात वाऱ्याचं चित्रण सापडलं. ते कॅमेरे काही दिवसांनी जुनं पुसून नवं भरतात, म्हणून त्याच आठवड्यात मागून घ्यावं लागतं.

आणि डागडुजी? इथं दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध कानावर येतात. सर्व्हेअर येईपर्यंत हात लावू नका, असं एजंट सांगतो. नुकसान वाढू नये याची काळजी घेणं तुमच्यावर बंधनकारक आहे, असं पॉलिसी सांगते. दोन्ही खरं. फुटलेल्या जागेवर ताडपत्री घालून विटा ठेवायच्या, जाळी साफ करायची, भिजलेली गादी उन्हात काढायची, आणि हे करण्याआधीचे फोटो घ्यायचे. पीओपीचा पडलेला तुकडा टाकायचा नाही. ताडपत्रीची पावतीसुद्धा ठेवायची. नवीन कोबा, पुट्टी, रंग हे मात्र पाहणीनंतर. दावा दाखल करायला नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवस असतात, पण कंपनीला कळवायचं लगेच, आणि फोनवर कळवलं तरी त्याच दिवशी ई-मेल टाकायचा. फोनला जन्मतारीख नसते.

मोठ्या नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्व्हेअरनंच करायची, ही तरतूद १९३८ च्या विमा कायद्यातच आहे, कलम ६४ यूएम. त्याची फी कंपनी देते, आपण नाही, चहा द्यावा. इर्डानं २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानं वेळापत्रक घट्ट केलं. दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यापासून ७ दिवसांत कंपनीनं निर्णय सांगायचा. कागद नाहीत एवढ्याच कारणानं दावा फेटाळायचा नाही, हेही त्यात आहे. प्रत्यक्षात आमचं प्रकरण या वेळापत्रकापेक्षा सावकाश गेलं. दोनदा ई-मेल करून परिपत्रकाची आठवण दिल्यावर हललं.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांची गोष्ट आणखी एका गाठीनं अडते. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत त्याचं, पण गच्ची सगळ्यांची. गृहनिर्माण संस्था असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चानं. नागपुरात मात्र संस्थेपेक्षा १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डिक्लेरेशन केलेल्या इमारती पुष्कळ आहेत, आणि त्या डिक्लेरेशनमध्ये गच्चीबद्दल काय लिहिलंय ते बऱ्याच रहिवाशांनी वाचलेलं नसतं. अशा ठिकाणी पहिल्या दिवशी एक पत्र अध्यक्ष-सचिवांना, पोच घेऊन. सर्व्हेअरही ते मागतो. आपलं छत भिजलं पण गच्चीची दुरुस्ती कुणाची, हे ठरलं नाही तर पुढच्या जूनमध्ये नवा रंग पुन्हा भिजणार, आणि त्या वेळी कंपनी विचारणार की मागच्या वर्षी माहीत होतं तर दुरुस्त का केलं नाही.

आमचा निकाल आला. पीओपी, बैठकीचं रंगकाम, पंख्याच्या वायरी, सोफ्याची दुरुस्ती आणि फुटला तेवढा कोबा मंजूर. संपूर्ण गच्चीचं वॉटरप्रूफिंग नामंजूर. मिस्त्रीनं जो अंदाज लिहून दिला होता त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त हातात आलं. मला राग आला होता. मग अहवालाची प्रत मागवली. ती मागायचा हक्क आहे, मागावी. अहवाल ओळीओळीनं वाचला. त्यात लिहिलं होतं की गच्चीवर इतरत्र बारीक तडे आहेत, ते जुने आहेत आणि त्यांचा या घटनेशी संबंध नाही. खरंच होतं ते. मिस्त्रीनं अंदाजपत्रकात वादळाबरोबर आमची आठ वर्षांची चालढकलही जोडली होती, आणि आम्ही काही न बोलता त्याखाली सही केली होती.

सोफ्याचं मात्र पटलं नाही. त्याचा घसारा त्यांनी फार धरला होता. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा पुरावा असला तरी शेवटचा शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये एका ट्रकच्या विम्याच्या प्रकरणात म्हटलंय. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जायचं. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, तिथं फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. नागपूरकरांचं लोकपालाचं कार्यालय पुण्यात, पण तक्रार ऑनलाइन देता येते नि सुनावणीही. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग इथंच आहे. आम्ही पहिल्या पायरीवरच सोफ्याची जुनी पावती आणि दुरुस्तीवाल्याचं लेखी अंदाजपत्रक जोडून पाठवलं. कंपनीनं थोडे पैसे वाढवून दिले. तिथं थांबलो.

पोळ्याच्या आसपास रंगारी आला. त्यानं छत खरवडायला घेतलं आणि पेन्सिलच्या रेघा बघून थबकला. पोरांनी इतक्या वर कशी नक्षी काढली, हे त्याला कळेना. आईनं त्याला एक मिनिट थांबवलं, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि भाच्याला सांगितलं, आणखी एक फोटो घे, पूर्ण खोलीचा, दारातून. मग पुट्टी लागली. यंदा महालक्ष्म्यांच्या माळा हुकाला बांधताना बायकोनं त्याच दारातून दुसरा काढला. मखर त्यात अर्धंच आलंय.